लेडीज जिन्यावरच्या चांगुणाबाई

चांगुणाबाईंनी शाल घ्यायला नकार दिला तेव्हा हर्षला वाटलं, त्यांना रंग आवडला नसावा. त्याने लगेच दुसऱ्या शालीचा फोटो माझ्या मोबाइलवर पाठवला. मी तो चांगुणाबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, शाल चांगली आहे, पण कोणाच्या हातून देणार ते आधी सांगा. मी म्हणालो, लाडबाईंच्या हातून. त्यांनी मोबाइल मला परत केला आणि मेथी निवडायला घेतली.

हर्ष हा आमच्या राधेश्याम शेठजींचा मुलगा आणि लाडबाईंचा नातू. पुण्याला शिकून आल्यावर, कोरोनात बंद पडलेलं घरचं चंद्रविलास थिएटर पुन्हा सुरू करायचं त्याने मनावर घेतलं. दोन वर्षं काम चाललं. आता नाटकं, गाण्याचे कार्यक्रम आणि अधूनमधून सिनेमा असं सगळं तिथे होणार आहे. उद्घाटनाला जुन्या कामगारांचा सत्कार करायचा ठरला, आणि जुन्यांमध्ये पहिलं नाव चांगुणाबाईंचं निघालं. माझी सगळी नोकरी शेठजींच्या बियाण्यांच्या पेढीवर आणि या थिएटरच्या हिशेबात गेली. येत्या मार्चात मी निवृत्त होतो. चांगुणाबाईंना मी चांगला ओळखतो, म्हणून समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं.

ज्यांनी जुनं चंद्रविलास पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ते लाडबाईंच्या आजेसासऱ्यांनी निजामाच्या राज्यात बांधलं. सुरुवातीला तिथे फिरत्या नाटक मंडळ्या उतरत. पुढे बोलपट आले, पण रंगमंचाचा लाल मखमली पडदा तसाच राहिला. तो दोन्ही बाजूंना सरकला की मागचा पांढरा पडदा दिसे आणि खेळ सुरू होई. वरची बाल्कनी पूर्ण बायकांची. तिला आधी जनाना म्हणत, नंतर लेडीज म्हणू लागले. तिचा जिना वेगळा होता, मागच्या बोळातून चढणारा. कोणाच्या घरची बाई आली आणि कधी गेली हे जालन्याच्या सदर बाजारात कोणाला कळू नये, हा त्यामागचा विचार. बाल्कनीला पूर्वी चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, लावलेला असे. हॉलमधले दिवे गेले की चिक वर जायचा, मध्यंतराच्या आधी खाली यायचा. पोलिस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर काही वर्षांनी चिक गेला. जिना मात्र शेवटपर्यंत राहिला.

बायका येत त्या लेकरांसकट. लेकरं अंधारात रडत आणि खालचे पुरुष आरडाओरडा करत. सत्तरच्या दशकात लाडबाईंचे सासरे, बालकिशन शेठजी, मालक होते. त्यांनी लेकुरवाळ्या बायकांना तिकीट द्यायचं बंद करून पाहिलं, तर आठवडाभर लेडीज निम्मी रिकामी. कारण त्या वयाच्या बाईजवळ लेकरू नसायचं कधी? मग त्यांनी एक बाई ठेवली. जिन्याच्या वरच्या व्हरांड्यात बसायचं, रडणारं मूल आईकडून घ्यायचं, खेळ सुटला की परत द्यायचं. ती बाई म्हणजे चांगुणाबाई. त्या आधीपासून तिथे झाडलोट करत. त्यांचा नवरा, देवानंद, याच थिएटरचे पोस्टर चिकटवायचा.

कामाची एक अट होती. मूल घ्यायचं, झोका द्यायचा, पण त्याच्या तोंडात काही घालायचं नाही. पाणीसुद्धा नाही. भुकेलं असेल तर आईला आत निरोप द्यायचा. चांगुणाबाई बौद्ध. अट का आहे हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी ते बोललं नाही. बालकिशन शेठजी अट सांगताना पंख्याकडे पाहत होते, असं चांगुणाबाई सांगतात. त्या म्हणाल्या, बराबर.

पहिल्या काही खेळांना कोणीच मूल दिलं नाही. मग एका फौजदाराच्या बायकोने, ऐन गाण्याच्या वेळी पोर आवरेना तेव्हा, वैतागून ते यांच्या ओटीत टाकलं. ते गप झालं. तिथून सुरू झालं. पुढे व्हरांड्यात जुन्या साड्यांच्या झोळ्यांची रांगच लागायची आणि चांगुणाबाई या टोकापासून त्या टोकापर्यंत झोके देत फिरायच्या. आज आमच्या गावचे कितीतरी व्यापारी, वकील आणि नगरसेवक त्या झोळ्यांमध्ये झोपून गेलेले आहेत. एखादा रुबाबात गाडीतून उतरला की त्या शेजारणीला सांगतात, "ह्यो लई रडका व्हता." त्या माणसाला ऐकू गेलं तरी तो काही बोलत नाही.

तर अशा बाईंनी लाडबाईंच्या हातून शाल का नको म्हणावी?

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आधी मला चहा दिला. नदीपलीकडच्या वस्तीत, बुद्धविहाराच्या मागे, त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. मुलगा राजानंद वडीगोद्रीला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. तो त्यांना तिकडे बोलावतो, त्या जात नाहीत. चहा संपल्यावर त्या म्हणाल्या,

"मुनीमजी, ती शाल दुसऱ्या कुणाच्या बी हातून द्या, घेते. शेठानीबाईच्या हातून घेतली तर अंगावर टिकायची न्हाई. आधी त्यास्नी एक सांगावं लागंल. अन् ते सांगायचं धाडस मला इतक्या वर्षांत झालं न्हाई."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत देतो. लिहिण्याआधी त्यांना आणि लाडबाईंना, दोघींनाही विचारलं आहे.

राजानंद तान्हा होता त्या वर्षी थिएटरला नवा दर्शनी पडदा आला. जुन्या मखमलीचे चांगले तुकडे कापून कामगारांना वाटले. कोणी उशीच्या खोळी शिवल्या, कोणी देव्हाऱ्याखाली घातलं. चांगुणाबाईंनी एक दिवस राजानंदला त्यात गुंडाळलं आणि कामावर घेऊन आल्या. त्याची झोळीही तिथेच, रांगेच्या शेवटी असायची.

त्याच दुपारी एक बाई पूर्ण घुंघट घेऊन जिना चढून आली. मूल दिलं आणि काही न बोलता आत गेली. मूल मखमलीच्या दुपट्यात होतं. चांगुणाबाईंच्या मनात आलं, श्रीमंताघरचं दिसतं. खेळ संपायला थोडा वेळ होता आणि लाइट गेली. त्या काळी जालन्यात लाइट जाणं नवं नव्हतं, पण जनरेटरही चालू होईना. बायका अंधारातच जिन्याकडे निघाल्या. रेटारेटी झाली. जी ती हात पुढे करून आपलं मूल मागत होती. घुंघटवाली फार घाईत होती. ती एवढंच म्हणाली, "मखमलवाला मेरा है, जल्दी दो." चांगुणाबाईंनी झोळ्या चाचपल्या, हाताला मखमल लागली, आणि ते गाठोडं तिच्या हातात दिलं. आपल्याही पोराच्या अंगावर आज मखमल आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मखमल म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी मूल, असंच हाताला ठाऊक होतं.

कंदील आला तेव्हा बाकीची मुलं गेलेली होती आणि एकच झोळी भरलेली होती. आत राजानंद नव्हता.

"दिव्यापाशी नेऊन त्वांड पाह्यलं," चांगुणाबाई मला म्हणाल्या, "तर नाक थेट बालकिशन शेठचं. इतकुसं लेकरू अन् शेठजी गादीवर बसल्यावाणी माझ्याकडं पाहून राह्यलं व्हतं."

मालकाची धाकटी सून, म्हणजे लाडबाई, लपून मालकाच्याच थिएटरला आली होती. त्या घरच्या बायकांना चंद्रविलासमध्ये पाऊल टाकायची बंदी होती. लोकांनी सिनेमे पाहावेत, आपल्या सुनांनी नाही, असा घरचा रिवाज. आता आरडाओरडा करावा तर त्या सुनेची धडगत नव्हती. गुपचूप मागच्या दाराने मूल नेऊन द्यावं तर दुसऱ्या खेळाच्या बायका चढू लागल्या होत्या आणि बदली बाई आल्याशिवाय जागा सोडता येत नव्हती. तेवढ्यात ते मूल भुकेनं उठलं. त्यांनी झोका दिला, खांद्यावर घेतलं, व्हरांड्यात फिरवलं. निरोप द्यायला आत आई नव्हती. मूल रडून लाल झालं, मग त्याचा आवाजच बसला. अट त्यांना आठवत होती. तरी त्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्याला पदराखाली घेतलं.

नंतर बदली बाई आली. चांगुणाबाई मूल घेऊन शेठजींच्या घरामागच्या बोळात गेल्या. लाडबाई अंधारात दारातच उभ्या होत्या, राजानंदला छातीशी धरून. दोघींनी मुलं बदलली. एक शब्द बोलणं झालं नाही. त्यानंतरही कधी झालं नाही. लाडबाई पुन्हा थिएटरला आल्या नाहीत आणि चांगुणाबाईंना दिवाळीला शेठजींच्या घरून फराळ न चुकता येत राहिला.

"त्यास्नी वाटत असंल मी सबूद पाळला," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्हणून फराळ धाडत्यात. अन् ते लेकरू आता इतका मोठा शेठ झाला, सोवळ्यात पूजा करतो. मी कुठल्या तोंडानं शाल घेऊ? अन् दुसरं सांगू का? माझं पोरगं तवा तिथं उपाशी रडत व्हतं अन् मी हितं त्यांचं पाजत बसले व्हते. घरी आणल्यावर रातभर त्यानं मला मागितलं न्हाई. रडून रडून भूक मेली असंल. ते बी टोचतं."

मी म्हणालो, आता एवढ्या वर्षांनी कशाला सांगता, कोणाला विचारायचंय? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी रिकामी कपबशी खाली ठेवली. त्या म्हणाल्या, "तुम्ही फकस्त दारापतुर चला. एकटीचं पाय न्हाई निघायचं."

दोन दिवसांनी मी त्यांना रिक्षाने घेऊन गेलो. लाडबाईंची खोली खालीच आहे. गुडघ्यांमुळे त्यांना आता जिना जमत नाही. त्या पलंगावर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी चांगुणाबाईंना शेजारच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. चांगुणाबाई उभ्याच राहिल्या. मी दाराजवळ थांबलो.

"शेठानीबाई, आधी ऐकून घ्या, मंग शाल द्यायची का न्हाई ते ठरवा. त्या दिशी तुमचं लेकरू माझ्यापाशी व्हतं ना, मी त्याला पाजलं. मोठ्या शेठजीनं न्हाई म्हणून सांगितलं व्हतं. तरी पाजलं."

लाडबाईंचे हात थांबले. त्यांनी मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं. मग विचारलं,

"पोटभर प्याला?"

चांगुणाबाईंना असा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्या म्हणाल्या, "व्हय. दोन्हीकडून."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहू लागलो.

"मग बरोबर आहे," लाडबाई म्हणाल्या. त्यांचं मराठी हिंदीला टेकून चालतं, पण चालतं चांगलं. "त्या रात्री राधेश्यामने माझं घेतलंच नाही. मला वाटलं, पोराला काही झालं, मी लपून गेले त्याची सजा मिळाली. रातभर त्याला घेऊन बसले. कोणाला सांगता येईना. आज कळलं." मग चांगुणाबाईंकडे वळून, "और तेरा? तुझ्या पोराने घेतलं का त्या रात्री?"

"न्हाई ना. रडून रडून..."

"रडला नाही तो. का रडू देईन मी त्याला? दार लावून घेतलं आणि पाजलं. सासूबाई बाहेरून हाका मारत होत्या."

चांगुणाबाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. लाडबाईंनी हात लांब करून त्यांचं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. मी बाहेर जायला वळलो, तर लाडबाई म्हणाल्या, मुनीमजी, बसा, आता तुमच्यापासून काय लपलं?

थोड्या वेळाने त्यांनाच हसू आलं. त्या म्हणाल्या, आयुष्यात तो एकच सिनेमा थिएटरात पाहिला आणि शेवट राहून गेला. ती मुलगी बापाला सापडली का शेवटी? चांगुणाबाई म्हणाल्या, मला काय माहीत, मी तर व्हरांड्यात होते, आम्हाला नुसता आवाज. मग दोघी मिळून आठवू लागल्या, एक चित्र सांगत होती आणि एक आवाज.

त्याच वेळी राधेश्याम शेठजी आईची औषधं घेऊन आत आले. लाडबाईंनी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं, मधलं काही न गाळता, लपून थिएटरला गेले होते तेही. शेठजी माणूस सरळ, पण रीतीचे पक्के. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "और किसको मालूम है?"

"आता तुला मालूम आहे," लाडबाई म्हणाल्या.

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. औषधांची पिशवी टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. चांगुणाबाईंचा चेहरा पडला. लाडबाईंचा हात हळूच सोडवून त्या म्हणाल्या, चला मुनीमजी. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या की लाडबाईंनी ऐकून घेतलं, तेवढं पुष्कळ झालं. पण ज्याला पाजलं त्यालाच ते कडू लागलं असेल तर कार्यक्रमाला येऊन त्याला मान खाली घालायला लावणार नाही. म्हणजे शालीचा प्रश्न होता तिथेच आला, फक्त दार बदललं.

पुढचे काही दिवस शेठजी पेढीवर नेहमीसारखे आले. बियाण्यांच्या गाड्या, बँकेचं काम, सगळं नेहमीसारखं. मी विषय काढला नाही. उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावायला सांगितलं आणि वडीगोद्रीच्या त्या गुरुजींचा नंबर आहे का विचारलं. मी दिला. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि लागल्यावर मला हाताने बाहेर जायला सांगितलं. काचेतून दिसत होतं. बोलणं कमी आणि थांबणं जास्त असा तो फोन होता. नंतर ते बाहेर आले आणि म्हणाले,

"दीड महिन्याने मोठे आहेत ते. त्यांना आईने आधीच सांगितलं होतं, लहानपणीच. ते म्हणाले, शेठ, तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहिली नाही कधी, पण बोललात ते बरं वाटलं." मग चष्मा पुसत, "मुनीमजी, मी त्या दिवशी उठून गेलो ते चुकलंच. पण मला काय बोलावं ते सुचेना. त्या बाईंना मी आजवर नावाने हाक मारत आलो. आता काय म्हणायचं, हेच कळत नव्हतं."

संध्याकाळी ते स्वतः गाडी घेऊन नदीपलीकडच्या वस्तीत गेले. हर्षला वाटलं, बाबा बी-बियाण्याच्या वसुलीला निघाले. तिथे काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी नव्हतो. चांगुणाबाईंनी फक्त एवढं सांगितलं की तो आला, बसला, जेवला आणि जाताना "येतो माय" म्हणाला.

उद्घाटनाचा कार्यक्रम जसे कार्यक्रम होतात तसा झाला. भाषणं लांबली, माइकने दोनदा शिट्टी मारली. चांगुणाबाईंनी शाल लाडबाईंच्या हातून घेतली. फोटो पेपरात आला आहे. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

हर्षने बसवलेली लिफ्ट त्या दिवशी चालू झाली नव्हती; तिचा माणूस संभाजीनगरहून यायचा होता. लाडबाई खाली पहिल्या रांगेत बसायला तयार नव्हत्या. त्या म्हणाल्या, मी बसेन तर लेडीजमध्येच, आणि जाईन तर मागच्या जिन्यानेच. यावेळी घुंघट न घेता. मग प्लॅस्टिकची खुर्ची आणली. एका बाजूला शेठजी आणि दुसऱ्या बाजूला राजानंद गुरुजी. दोघे पन्नाशीकडे झुकलेले, दोघांची पोटं सुटलेली. बोळात तासभर एकमेकांच्या शेजारी उभे होते, पण पाऊसपाणी आणि रस्त्याच्या कामापलीकडे बोलणं गेलं नव्हतं.

"सर, तुम्ही वरच्या बाजूला व्हा," शेठजी म्हणाले. "खालचं वजन जास्त असतं."

"म्हणूनच मी खाली राहतो, शेठ. तुम्हाला सवय न्हाई."

"तुम्ही मोठे आहात. मोठ्याने पुढं असावं."

"आधी मला नीट धरा," खुर्चीतून लाडबाई म्हणाल्या, "मग भांडा."

शेवटी गुरुजी खाली आणि शेठजी वर असे ते निघाले. मी मागून लाडबाईंची काठी आणि पर्स घेऊन होतो. जिना अरुंद, आणि जुन्या पायऱ्या मध्ये झिजलेल्या. वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला. तो सुटेना, तेव्हा दोघांनी खुर्ची वळणाच्या मोकळ्या जागेवर टेकवली आणि धापा टाकत भिंतीला टेकले. गुरुजींनी रुमालाने मान पुसली. शेठजी म्हणाले, मला शुगर आहे, लगेच घाम फुटतो. गुरुजी म्हणाले, मला पण आहे, तीन वर्षं झाली. शेठजींनी विचारलं, उपाशीपोटी किती येते? मग गोळ्या कोणत्या, भात सोडला का, जांभळाच्या बियांची पूड घेऊन पाहिली का, पाय जळजळतात का, असं सगळं निघालं. दोघांचे आवाज हळूहळू मोकळे होत गेले. डॉक्टरही एकच निघाला आणि त्याच्याबद्दलची तक्रारही.

लाडबाई मधे खुर्चीत ताठ बसून हे ऐकत होत्या. बराच वेळ त्यांनी चालू दिलं.

"शुगरचं वर जाऊन बोला," शेवटी त्या म्हणाल्या. "चांगुणा कधीची वर पोचली."